फर्म्याखालची पट्टी

खणात सात रोल होते. सातही दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचे. दोन पांढऱ्या फोमचे, जाडी एक मिलिमीटर. तीन पारदर्शक, पातळ, जाडी शून्य पूर्णांक सोळा. एक खाकी कागदाचा, इतका वाळलेला की त्याचं टोक सोडवायला गेलं तर नखच सुटून यावं. आणि एक कापडी, पिवळसर, जाडी शून्य पूर्णांक अठ्ठावीस. पाच सुरू केलेले, दोन कोरे. कापडी रोल अर्ध्याच्या खाली आला होता आणि त्याच्या आतल्या पुठ्ठ्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘याला हात लावू नये’.

अक्षर वहिनीचं होतं. पेन्सिल बाबांची.

पेन्सिल मी अक्षराच्या आधी ओळखली. सुताराची पेन्सिल चपटी असते, तिची रेघ एकीकडे जाड आणि एकीकडे बारीक उमटते. बाबांची पेन्सिल त्यांच्या उजव्या कानामागे असायची आणि ती ते कुणाला देत नसत. शाळेत असताना मी मागितली की दुकानात जाऊन नवी आणून द्यायचे, पण ती द्यायचे नाहीत. आता ती वहिनीच्या कानामागे असते.

पदार्थविज्ञानात एम.एस्सी. करून मी घरी आले त्याला तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. नोकरी सुरू व्हायला अजून तीन महिने होते. त्याआधी पाच वर्षं मी बाहेर राहिले. सुट्टीत यायचे, पण पाहुण्यासारखी.

आमचा कारखाना घराच्या खालच्या मजल्यावर, दोन खोल्यांचा. पुढच्या खोलीत करवत, मागच्या खोलीत लांब बाक, राउटर म्हणजे लाकडाच्या कडा कापायचं हातमशीन, आणि बाकाच्या उजव्या टोकाशी एक बुटकं स्टूल. ते स्टूल मी सात वर्षांची असताना बाबांनी माझ्यासाठी केलं. उंची बत्तीस सेंटिमीटर. फळीचं दुसरं टोक धरायला मी त्यावर उभी राहायचे. या खेपेला आल्या दिवशी मी मागच्या खोलीत शिरले, तर वहिनी त्यावर बसून राउटरच्या बिटच्या, म्हणजे पात्याच्या, दातांना चिकटलेली राळ खरवडत होती. ती उठली असती तर मला बरं वाटलं असतं असं नाही. कदाचित जास्तच झोंबलं असतं. पण ती उठली नाही, हे मी लक्षात ठेवलं.

वहिनी लग्नाआधी चपला-बुटांच्या कारखान्यात तळ चिकटवायच्या कामावर होती. माझ्या भावाला, दादाला, भुशानं शिंका येतात. तो सकाळी नाकावर रुमाल धरून जिना उतरतो आणि ऑफिसला पळतो. दीड वर्षापूर्वी बाबांचा उजवा खांदा धरला, जड मशीन उचलवेना, तेव्हा वहिनी खाली आली आणि खालीच राहिली. आई म्हणते, “तुझ्या बापाला देवानं मुलगा चुकून दिला आणि सून नेमकी दिली.” हे ती माझ्यासमोर म्हणते. त्या हिशेबात मुलगी कुठेच नाही, हे तिच्या ध्यानातही येत नाही.

बाबा वहिनीला ‘मिस्त्री’ म्हणतात. ज्यांच्या हाताखाली ते काम शिकले, त्या म्हाताऱ्या सुताराशिवाय हा शब्द त्यांनी कुणासाठी वापरलेला मी ऐकला नव्हता. एक दिवस मी मोजलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, ‘मिस्त्री’ चौदा वेळा. मला त्यांनी तीन वेळा हाक मारली, ‘शास्त्रज्ञबाई’ म्हणून, आणि त्यातल्या दोन पंखा बंद करायला.

हातातलं काम दहा खुर्च्यांचं होतं. एका वाचनालयाच्या अंगणातलं जुनं अक्रोडाचं झाड पडलं आणि त्यांना वाचायच्या खोलीत त्याच झाडाच्या खुर्च्या हव्या होत्या. खुर्चीचा मागचा पाय जमिनीपासून पाठीपर्यंत एकसंध आणि मध्ये गुडघ्यासारखा वाकलेला. दहा खुर्च्यांचे असे वीस पाय. आमच्याकडे आलेल्या फळ्यांत एकवीस बसत होते. बाविसावा कुठूनही आणता येणार नव्हता, कारण झाड एकच होतं.

असा पाय करायचा तर आधी त्याचा फर्मा करतात. पातळ बोर्डाचा, नेमक्या आकाराचा. फर्मा लाकडावर बसवायचा, बाहेरचं लाकूड फर्म्याच्या कडेपासून दोन मिलिमीटर सोडून करवतीनं कापायचं आणि मग राउटर फिरवायचा. राउटरच्या बिटला एक छोटं बेअरिंग असतं. ते फर्म्याच्या कडेवरून धावतं आणि बिट लाकूड तेवढंच खातं. फर्मा जसा, तसा पाय. फर्मा हलला की पाय वाया. बाबा जन्मभर फर्मा दोन बारीक खिळ्यांनी ठोकत आले. खिळ्यांची भोकं झाकली जातील अशी जागा ते शोधायचे. या पायाला झाकलेली जागाच नव्हती, चारही बाजू लोकांना दिसणार. वाचनालयाच्या बाईंनी भोक नको, बुजवलेलंही नको, असं सांगितलं होतं आणि बाबांनी शब्द दिला होता. म्हणून पट्टी.

पट्टी पाकिटाला आणि खिळा लाकडाला, असं बाबांचं मत. वहिनी वर्षभर आरशांच्या चौकटी आणि खुंट्यांच्या फळ्या कापडी पट्टीवर करत होती आणि एकही बिघडली नव्हती. पण त्या कामाला लाकूड हवं तेवढं होतं. दुपारी जेवताना विषय निघाला तेव्हा मी म्हटलं की यात विश्वासाचा प्रश्नच येत नाही, मोजता येईल. सगळ्या पट्ट्या एकाच पद्धतीनं तपासायच्या, आकडा सांगेल ती घ्यायची.

बाबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“मोज,” ते म्हणाले. “आणि पट्टी कधी सुटते हे जिला आधी कळेल, तिच्या हातात राउटर.”

वहिनी हसली. मला त्या हसण्यात ‘बघूच’ असं ऐकू आलं. ती नुसतीच हसली असेल.

मला राउटर हवा होता, पण खुर्च्यांसाठी नाही. पूर्वी मी मशीन धरलं की बाबा माझ्या मागे उभे राहायचे आणि एक हात माझ्या कोपराखाली धरायचे. टेकवायचे नाहीत, दोन बोटांचं अंतर ठेवून नुसता धरायचे. आता ते वहिनीच्या मागे तसेच उभे राहतात. तेच दोन बोटांचं अंतर. वीस पाय म्हणजे पाच दिवसांचं काम. तो हात पाच दिवस कुणाच्या कोपराखाली असणार, एवढाच माझा प्रश्न होता.

पहिली तपासणी मी प्रवासी बॅगा तोलायच्या काट्यानं केली. फर्म्याच्या बोर्डाचा तुकडा पट्टीनं प्लायवर चिकटवायचा, काट्याचा हूक त्यात अडकवायचा आणि सुटेपर्यंत वर ओढायचं. प्रत्येक पट्टीचे तीन तुकडे. खाकी कागद पहिल्याच फेरीत बाद झाला. फोम सरासरी एकतीस किलोला सुटला, पारदर्शक सव्वीसला आणि कापडी बावीसला. कापडी पट्टी शेवटची आली याचा मला झालेला आनंद प्रयोगशाळेत शोभणारा नव्हता. मी बाकापाशी उभं राहून आकडे मोठ्यानं वाचले.

वहिनी मला एरवी ‘तू’ म्हणते. चिमटा काढायचा असला की ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’.

“वन्सं, हे तुम्ही वर ओढलंत का?”

मी हो म्हटलं.

“मशीन तर आडवं ढकलतं.”

बाबा रंध्याचं पातं पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण मिशी हलली. वर ओढणं आणि आडवं सरकवणं ही दोन वेगळी बलं आहेत, हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना दोन वर्षं शिकवलं होतं, फळ्यावर बाण काढून. उंटावरचा शहाणा लोक नुसता ऐकतात, मी उंटासकट घरी आले होते.

“तळाचंही तसंच असतं,” वहिनी पुढे म्हणाली, यावेळी चिमटा न काढता. “बूट कुणी वर ओढत नाही. चालताना तळ पुढे सरकतो, तिथून सुटतो.”

तिनं मला सांभाळून घेतलं. टोमण्याला उत्तर देता येतं, याला काय देणार?

दुसरी तपासणी मी नीट बेतली. प्लायची फळी शिकंज्यात उभी पकडायची. तिच्यावर बोर्डाचा तुकडा पट्टीनं चिकटवायचा आणि त्या तुकड्याला खालून दहा किलोचं वजन टांगायचं, म्हणजे ओढ पट्टीच्या आडवी पडेल. तुकडा दहा मिनिटांत किती सरकतो ते डायल गेजवर वाचायचं. हे गेज मी शिष्यवृत्तीच्या पहिल्या पैशांतून घेतलं होतं आणि त्याचा काटा मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवतो. चिकटवायची पद्धत मी वहिनीचीच घेतली, कारण दुसरी कुणाकडे नव्हती. आधी दोन्ही पृष्ठभाग स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचे. पट्टी लावायची. मग क्लॅम्पनं आवळून साठ मोजायचे. साठ का, तर तिच्या कारखान्यात तळ दाबून साठ मोजायची शिस्त होती. ती ओठांतल्या ओठांत मोजते आणि दर दहाला मान हलवते. मी घड्याळ लावून पाहिलं, तिचे साठ म्हणजे एकसष्ट सेकंद.

फोम सरासरी शून्य पूर्णांक ब्याण्णव मिलिमीटर सरकला. वर ओढताना पहिला आलेला गडी आडव्या ओढीत मऊ गादीसारखा घसरत गेला. पारदर्शक पट्टी शून्य पूर्णांक अकरा. उत्तम होती. मग कापडी पट्टीची पाळी आली.

दुपारचे साडेतीन वाजले असतील. खोलीत मी एकटी होते. बाबा आणि वहिनी बाहेर फाटकापाशी लाकडाच्या फळ्या उतरवून घेत होते आणि खिडकी उघडी होती. मी फळीवरचा भुसा पुसायला फडकं हातात घेतलं आणि बाबांचा आवाज ऐकला. ते कपाटाचा किस्सा सांगत होते. तरुणपणी त्यांनी एका घरात जाऊन खोलीतच मोठं कपाट केलं आणि पूर्ण झाल्यावर ते दारातून बाहेर निघेना. शेवटी घरमालकानं दार मोठं करून घेतलं आणि त्या दाराचं कामही बाबांनाच दिलं. तो किस्सा माझा होता. मला ताप आला की ते माझ्या उशाशी बसून तो सांगायचे आणि दाराचं कामही मलाच मिळालं, इथे थांबायचे. ते आताही तिथेच थांबले. वहिनी बरोबर तिथेच हसली.

मी फडकं खाली ठेवलं.

फळीवर भुसा तसाच होता. पिठासारखा, बोट फिरवलं तर रेघ उमटेल इतका. मी त्यावर कापडी पट्टी चिकटवली, क्लॅम्प न लावता अंगठ्यानं दाबली आणि सातपर्यंत मोजलं. वजन टांगलं. दहा मिनिटांनी एक पूर्णांक त्रेसष्ट. दुसऱ्यांदा एक पूर्णांक अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा एक पूर्णांक एकाहत्तर. तिन्ही वेळा फडकं मला दिसत होतं. वहीत पद्धतीच्या रकान्यात मी ‘वरीलप्रमाणे’ असं लिहिलं. सरासरी काढली, एक पूर्णांक एकसष्ट.

संध्याकाळी वही बाकावर ठेवली तेव्हा मी भांडणाच्या तयारीत होते. वहिनी म्हणेल तुझी फळी खराब असेल, म्हणेल पुन्हा कर, आणि प्रत्येकाला माझ्याकडे उत्तर होतं. तिनं आकड्यांवरून बोट फिरवलं, शेवटच्या ओळीवर थांबली.

“तू मोजलंयस ना,” ती म्हणाली. “मग असेल.”

तिनं खणातून कापडी रोल काढला, अंगठा ओला करून आतलं ‘याला हात लावू नये’ पुसून टाकलं आणि रोल बाकीच्यांत टाकून दिला. बाबा म्हणाले, ठरलं, पारदर्शक पट्टी आणि मशीन शास्त्रज्ञबाईंकडे. त्या संध्याकाळी त्यांनी मला पाच वेळा हाक मारली. पंख्यासाठी एकदाही नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी पुढच्या खोलीत करवतीवर गेली. ती अधूनमधून मोरीवर जाऊन साबणानं हात धुवायची. तासाभरात तीन वेळा. मला वाटलं फुरंगटली आहे. दादाही फुगला की असाच उगाच काहीतरी धूत बसतो.

मी पहिल्या पायावर फर्मा चिकटवला. पुसून, आवळून, साठ मोजून, काही न वगळता. राउटर सुरू केला. बाबा मागे आले आणि त्यांचा हात माझ्या कोपराखाली आला. मी वळून पाहिलं नाही, पण तो तिथे आहे हे कळत होतं. मशीन फर्म्याच्या कडेवरून निघालं, लाकडाची बारीक सालं उडू लागली आणि चाळीस सेंटिमीटरपर्यंत सगळं लोण्यासारखं गेलं. गुडघ्यापाशी लाकडाची रेषा वळते. तिथे मशीनचा आवाज बदलला, खोकल्यासारखा एक ठसका आला आणि फर्मा माझ्या डोळ्यांदेखत सरकला. बिट आत घुसलं.

मशीन बाबांनी बंद केलं. त्यांनी खड्ड्यावरून अंगठा फिरवला. मी गेजनं खोली मोजली, कारण तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. तीन पूर्णांक चार मिलिमीटर.

“विसाला वीस राहिले,” बाबा म्हणाले.

आवाज ऐकून वहिनी दारात आली होती. ती आता बोलेल म्हणून मी मान आत ओढून घेतली. तिनं फर्मा उचलून उजेडात धरला आणि आम्हाला दाखवला. पट्टी काही ठिकाणी चकचकीत होती आणि काही ठिकाणी पांढुरकी. चकचकीत तिथे चिकटली होती, पांढुरकी तिथे लाकडाला लागलीच नव्हती. बाबांनी अक्रोडाच्या फळ्या हातरंध्यानं साफ केल्या होत्या. हातरंध्यानं केलेलं लाकूड डोळ्यांना सपाट दिसतं, पण बोटांना त्यात उथळ खळगे लागतात. पातळ पट्टी त्या खळग्यांत पोचत नव्हती. मी सगळे प्रयोग कारखान्यातून आलेल्या काचेसारख्या प्लायवर केले होते.

बाबा म्हणाले, बास झालं. पारदर्शक नाही, कापडी तर त्याहून वाईट, म्हणजे खिळेच. भोकं अक्रोडाच्याच भुशानं बुजवू, आपण जाऊन वाचनालयाच्या बाईंची माफी मागू. ते खिळ्यांचा डबा शोधायला पुढच्या खोलीत गेले. दिलेला शब्द मागे घेताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. वहिनीनंही होकारार्थी मान हलवली. वहीत एक पूर्णांक एकसष्ट लिहिलेलं असताना तिनं दुसरं काय करायचं?

ती पुन्हा मोरीवर गेली. मी मागोमाग गेले आणि विचारलं की सारखे हात कशाला धुतेस.

“माझ्या हाताला तेल असेल,” ती म्हणाली. “आमच्याकडे मुकादम म्हणायचा, काहींच्या हाताला असतंच, त्यांनी चिकटवायचं काम घेऊ नये. तो रोल वर्षभर मीच हाताळतेय. लागलं असेल त्याला.” तिनं तळव्यांचा वास घेऊन पाहिला. “वर्षभर चौकटी टिकल्या त्या नशिबानंच म्हणायच्या.”

“तुझ्या पट्टीला मी फडकं मारलं नव्हतं,” मी म्हणाले.

नळ चालू होता. तिनं तो बंद केला.

“भुशावर चिकटवली. साठही मोजले नाहीत. सात मोजले.”

“एकदा?”

“तिन्ही वेळा.”

तिनं कारण विचारलं. मी खरं ते सांगितलं, की बाबा तुला कपाटाचा किस्सा सांगत होते म्हणून. मनात असताना ते कारण डोंगराएवढं होतं. मोरीपाशी उभं राहून बोलल्यावर ते साबणाच्या वडीएवढंही उरलं नाही.

“कपाटाचा?” वहिनी म्हणाली. “मला तो आतापर्यंत दहादा सांगून झालाय. तिथे हसलं नाही तर ते पहिल्यापासून सांगतात.”

मला हसू आलं. तिला नाही आलं. तिनं ओले हात ओढणीला पुसले, एक एक बोट करून.

“बाबांना तू सांगायचं,” ती म्हणाली. “मी सांगणार नाही. तू नाही सांगितलंस तरी मी सांगणार नाही. मग बस ते मनात घेऊन.”

बाबा पुढच्या खोलीत डबा पालथा करून बारीक खिळे निवडत होते. आठ वेगळे काढले होते. मी सगळं क्रमानं सांगितलं, तारीख, वेळ, फळी, फडकं. किस्सा मात्र वगळला. ते खिळ्यांकडे बघत ऐकत राहिले. मग त्यांनी एकच गोष्ट विचारली, नीट केलं तर आकडा किती येईल. मी माहीत नाही म्हणाले.

“मग वहीत लिहिलंयस ते काय आहे?”

“खोटं.”

“खोड,” ते म्हणाले आणि दाराकडे बघून हात पुढे केला. “मिस्त्री, पेन्सिल दे हिला.”

वहिनीनं कानामागची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली. पंधरा वर्षं मी ती मागितली होती. बोटभर उरली होती, तिच्या कानाच्या उबेनं कोमट. मी तीन आकड्यांवरून आणि ‘वरीलप्रमाणे’वरून रेघ मारली. जाड बाजूनं. मग ती परत केली.

पुन्हा तपासणी केली ती वाया गेलेल्या पायाच्याच तुकड्यावर, बाबांच्या रंध्याखालून गेलेल्या बाजूवर. पुसलं वहिनीनं, चिकटवलं तिनं, क्लॅम्प तिनं आवळला आणि ओठ हलवत साठ मोजले. वजन मी टांगलं, गेज मी वाचलं. बाबा खिळे मुठीत घेऊन बाजूला उभे होते. तिन्ही वेळच्या दहा-दहा मिनिटांत माझ्या मनात काय चाललं होतं ते वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. भोकं पडू नयेत असं मला वाटत होतं. बाबांचा शब्द राहावा असंही वाटत होतं. आणि तरी काट्याकडे बघताना मी आतून त्याला ढकलत होते, सरक, थोडा तरी सरक. शून्य पूर्णांक सात शतांश. दुसऱ्यांदा पाच. तिसऱ्यांदा सहा. कापडाची पट्टी जाड आणि मऊ असते, ती खळग्यांत उतरते. बाबांनी आठही खिळे डब्यात टाकले.

राउटर वहिनीनं धरला.

पाच दिवस मी भुसा पुसला, पट्टीचे तुकडे कापले, क्लॅम्प आवळले आणि साठ मोजले. मोठ्यानं मोजायचे, अशी वहिनीची अट होती. माझ्या मोजण्याकडे तिचा कान असायचा. एकदा मी शिंकेमुळे एकेचाळिसावरून त्रेचाळिसावर गेले, तर तिनं मशीन खाली ठेवून मला पुन्हा एकपासून मोजायला लावलं. “वन्सं, तुमचं गणित चांगलं आहे म्हणे,” ती म्हणाली. काम नसेल तेव्हा मी बुटक्या स्टुलावर बसायचे. बत्तीस सेंटिमीटर उंचीवरून बाबांचा हात बरोबर डोळ्यांसमोर येतो. तो वहिनीच्या कोपराखाली असायचा, दोन बोटं सोडून. ‘मिस्त्री’ रोज सोळा-सतरा वेळा होऊ लागलं. पंखा मी न सांगता बंद करू लागले.

प्रत्येक पाय झाला की फर्म्याशी ताडून पाहायचं काम माझं. दर वेळी गेज लावताना मला एक चूक हवी असायची. पाय वाया जाईल एवढी मोठी नको. बाबांना दाखवता येईल एवढीच. पहिल्या दिवशी चार पाय झाले, दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी तीन, चौथ्या दिवशी पाच.

पाचव्या दिवशी चौथा, म्हणजे विसावा पाय दुपारी सव्वाचारला झाला. वहिनीनं मशीन बंद केलं, लाकडी पाचर सारून फर्मा हळूहळू सोडवला आणि पाय माझ्यापुढे ठेवला. बाबा तिच्या शेजारी येऊन उभे राहिले. मी गेज शून्यावर आणलं आणि कडेवर सात ठिकाणी काटा टेकवला. सर्वांत जास्त फरक गुडघ्यापाशी मिळाला. शून्य पूर्णांक शून्य चार मिलिमीटर, केसाहूनही बारीक. बाबांना दाखवण्याएवढं ते नव्हतं.